देवाचीं लेंकरें : जन्मानें कीं दत्तविधानानें ?

ज्या घरांत दत्तविधानाचा प्रसंग घडला आहे, त्या घरांतील वडील माणसांस तो दिवस सहसा विसरत नाहीं. होमाचा अग्नि पेटलेला असतो. जन्मदाते आईबाप आपल्या मुलाचें दान करितात, घेणारा त्यास मांडीवर बसवितो, आणि उपाध्यायांचे मंत्र संपतां संपतां त्या मुलाचें गोत्र पालटतें. सकाळीं जो एका घरचा मुलगा होता, तोच दुपारीं जेवावयास बसतांना दुसऱ्या घरचा वारस असतो. मंडळी पेढे वांटीत असतात, आणि माजघराच्या दारांत उभी असलेली त्याची जन्मदात्री आई डोळ्यांस पदर लावीत असते.

असा मुलगा खरा मुलगा कीं नांवाचा, हा प्रश्न आमच्या देशांत केवळ घरगुती राहिलेला नाहीं. १८४८ सालीं साताऱ्याचें आणि १८५४ सालीं झांशीचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें, तें दत्तक पुत्राचा गादीवरील हक्क नाकबूल करूनच. ‘दत्तक’ या एका शब्दांत किती आशा आणि किती धास्ती सांठविलेली आहे, हें महाराष्ट्रास निराळें सांगावयास नको.

हाच शब्द ख्रिस्ती धर्माच्या अगदीं गाभ्याशीं आहे, हें मात्र आमच्यांतील पुष्कळांस ठाऊक नसतें. मनुष्यें हीं देवाचीं लेंकरें आहेत, असें ख्रिस्ती लोक म्हणतात, इतकें सर्वांच्या ऐकण्यांत असतें. आणि हें वाक्य इतकें सोपें वाटतें कीं त्यापुढें विचारावयाचें कांहीं उरलें आहे असें मनांतही येत नाहीं. परंतु कोणतीं मनुष्यें ? सर्व, कीं कांहीं ? आणि लेंकरें तीं जन्मानें, कीं घेतल्यानें ? या दोन प्रश्नांवर ख्रिस्ती जगांत जवळजवळ दोन हजार वर्षें विचार चालला आहे. शेजाऱ्याचा धर्म समजून घ्यावयाचा तर त्याच्या घरांतले वादही समजून घेतले पाहिजेत, म्हणून या प्रश्नांची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी असा आमचा हेतु आहे.

यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मग्रंथांत देवास पिता म्हटलेलें आढळतें. परंतु तें बहुधा साऱ्या राष्ट्राच्या संबंधानें. मिसर देशाच्या राजाकडे निरोप जातो तो इस्राएल हा देवाचा ज्येष्ठ पुत्र आहे, त्यास सोडून दे, असा. होशेय संदेष्टा देवास लहान मुलाचा हात धरून त्यास चालावयास शिकविणाऱ्या बापाच्या रूपांत पाहतो. यशयाच्या ग्रंथांत तर मुलाचें सांत्वन करणाऱ्या आईची उपमा आहे; विठोबास माउली म्हणणाऱ्या संतांच्या वाणीवर वाढलेल्या आम्हां लोकांस ती परकी वाटणार नाहीं.

येशू ख्रिस्तानें हें नातें प्रत्येकाच्या तोंडीं दिलें. तो प्रार्थनेंत देवास ‘अब्बा’ म्हणून हाक मारी. हा अरामी भाषेंतील शब्द. मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांतून आमच्या कानांवर येणारी हांक त्याच भाषाकुळांतली आहे. योआखिम येरेमियास या जर्मन पंडितानें गेल्या शतकांत या संबोधनांतील जिव्हाळ्याकडे जगाचें लक्ष वेधलें, आणि तेव्हांपासून हा तान्ह्या मुलाचा बोबडा शब्द आहे असा समज पसरला. पुढें १९८८ सालीं जेम्स बार यानें दाखवून दिलें कीं मोठे झालेले मुलगे-मुलीही वडिलांस याच शब्दानें हांक मारीत. आमच्या मतें या दुरुस्तीनें त्या शब्दाची गोडी कमी न होतां वाढतेच. तान्ह्या मुलानें बापास बिलगणें हें स्वाभाविकच आहे. पण तिशी उलटलेल्या पुरुषानें, मरण समोर दिसत असतां, गेथशेमाने बागेंत त्याच शब्दानें हांक मारावी, यांत कांहीं वेगळेंच बळ आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, येशूनें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तिच्या आरंभींचा पिता ‘माझा’ नसून ‘आमचा’ आहे. हें अनेकवचन वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

आतां पहिला प्रश्न : सर्व मनुष्यें कीं कांहीं ? नव्या करारांत दोन्ही बाजूंस आधार आहे. लूक हा येशूची वंशावळ देतां देतां मागें मागें आदामापर्यंत जातो आणि आदामास देवाचा म्हणून थांबतो. तेव्हां आदामाचे सारे वंशज त्याच घराण्यांतले ठरतात. पौल हा प्रेषित अथेन्स नगरांतील तत्त्वज्ञांपुढें बोलतांना त्यांच्याच एका ग्रीक कवीचा दाखला देऊन, आपण सर्व देवाचे वंशज आहों, असें प्रतिपादितो. ही झाली एक बाजू. दुसरीकडे योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच सांगतो कीं, ज्यांनीं ख्रिस्तास स्वीकारलें त्यांस देवाचीं लेंकरें होण्याचा अधिकार मिळाला, आणि हा जन्म रक्तमांसाचा नव्हे. जो अधिकार मिळावा लागतो तो आधींपासून सर्वांजवळ कसा असेल ?

या दुसऱ्या बाजूचें विवरण पौलानें ज्या उपमेनें केलें ती दत्तकाची. त्यानें योजलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ पुत्राच्या ठिकाणीं स्थापणें असा होतो. पौलाच्या नांवावर असलेल्या पत्रांत तो पांच वेळां येतो, आणि मराठी बायबलांत त्यासाठीं आमचा ‘दत्तक’ हाच शब्द योजिलेला आहे. यहुदी धर्मशास्त्रांत दत्तकाचा स्वतंत्र विधि नव्हता. रोमन कायद्यांत मात्र तो पूर्ण विकसित झालेला होता. जन्मदाता बाप न्यायाधिकाऱ्यासमोर आपल्या मुलाची तीन वेळां नाममात्र विक्री करी, तेणेंकरून त्याची सत्ता संपे, आणि मग घेणारा त्या मुलावर आपला हक्क सांगे. त्या क्षणापासून मुलाचें जुनें घराणें तुटे, नवें नांव लागे, आणि नव्या बापाच्या इस्टेटीचा तो औरसाच्या बरोबरीचा वारस होई. आमच्याकडील दान, प्रतिग्रह आणि गोत्रांतर यांशीं याचें साम्य कोणाच्याही लक्षांत येईल.

रोममध्यें ही गोष्ट राजवाड्यापासून सर्वत्र परिचयाची होती. ऑगस्टस हा ज्यूलियस सीझरचा मृत्युपत्रान्वयें झालेला दत्तक. त्यानें टायबेरियसला दत्तक घेतलें. क्लॉडियसनें तर ब्रिटॅनिकस हा औरस पुत्र असतांनाही इ. स. ५० मध्यें नीरोस दत्तक घेतलें. सुमारें ५७ सालीं पौलानें रोमकरांस पत्र लिहिलें तेव्हां सिंहासनावर हाच दत्तक पुत्र बसलेला होता, आणि औरस ब्रिटॅनिकस दोन वर्षांपूर्वींच मरण पावला होता. देवानें तुम्हांस दत्तक घेतलें आहे, तुम्ही ख्रिस्ताच्या जोडीचे वारस आहां, हें वाक्य त्या नगरांतील गुलामांनीं आणि मजुरांनीं ऐकलें असेल, तेव्हां त्याचा अर्थ त्यांस कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

येथें आमच्या शास्त्राची आणि या उपमेची फारकत होते, ती मोठी मनोरंजक आहे. आमच्याकडे औरस पुत्र हयात असतांना दत्तक घेतां येत नाहीं. दत्तक घ्यावयाचा तो वंश खुंटूं नये, पितरांस पिंडोदक मिळावें म्हणून. गरज घेणाऱ्याची असते. मागाहून औरस झालाच तर जुन्या शास्त्राप्रमाणें दत्तकाचा वांटा घटत असे; १९५६ च्या कायद्यानें दत्तक घेतलेला मुलगा वा मुलगी हीं सर्वार्थानें पोटच्या अपत्यासमान ठरलीं. ख्रिस्ती मताप्रमाणें देवास ख्रिस्त हा एकुलता एक औरस पुत्र होताच. ३२५ सालीं निकेया येथें भरलेल्या धर्मसभेनें तर हा पुत्र निर्माण केलेला नसून जन्मलेला आहे असा स्पष्ट निर्णय दिला. मग दत्तकाची गरज काय ? ऑगस्टीन या चौथ्या-पांचव्या शतकांतील महान आचार्यानें नेमका हाच मुद्दा काढला आहे. त्याच्या म्हणण्याचा भाव असा : माणसें दत्तक घेतात तीं अपत्य नसतें म्हणून, आणि ज्यास एकच मुलगा आहे तो वांटेकरी नाहीं याचाच आनंद मानतो, देवास पुत्र असतांही त्यानें वांटेकरी आणिले, आणि त्या पुत्रानेंच ते आणिले. इस्टेटीच्या वांटणीवरून सख्ख्या भावांत दिवाणी दावे चाललेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या कल्पनेंतील औदार्य वेगळें समजावून देण्याची आवश्यकता नाहीं.

आमच्या वाचकभगिनी विचारतील कीं ‘पुत्र’ म्हटलें, मग कन्यांचें काय ? त्या काळीं वारसा मुख्यतः पुत्राचा, म्हणून पौलानें तो शब्द घेतला. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत तो लगोलग सांगतो कीं या नात्यांत यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद उरत नाहीं. म्हणजे स्त्रीलाही पुत्राचाच, पूर्ण वारशाचा हक्क दिलेला आहे. योहान मात्र पुत्र हा शब्द ख्रिस्तापुरता राखून इतरांस ‘लेंकरें’ म्हणतो, आणि दत्तकाऐवजीं पुनर्जन्माची उपमा घेतो. निकदेम नांवाचा वृद्ध पंडित रात्रीं येऊन विचारतो कीं म्हातारा मनुष्य पुन्हा कसा जन्मेल ? उपनयनास दुसरा जन्म मानून स्वतःस द्विज म्हणविणाऱ्या कुळांत या उत्तराचें नवल वाटूं नये : बाप्तिस्मा हा ख्रिस्ती माणसाचा दुसरा जन्म. भेद एवढाच कीं आमच्याकडे दुसऱ्या जन्माचा अधिकार पहिल्या जन्मावरून ठरला, आणि तेथें पहिला जन्म कोणत्या घरांत झाला हें विचारावयाचें नाहीं असा नियम ठरला. नियम ठरला असें आम्ही म्हणतों. तो पाळला गेला कीं नाहीं हें पुढें पाहूं.

सर्व लेंकरें कीं कांहीं, या वादाचा एक प्रसिद्ध प्रसंग एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडांत घडला. १८६४ सालीं एडिंबरो येथें रॉबर्ट कँडलिश या फ्री चर्चच्या पुढाऱ्यानें व्याख्यानमाला दिली. निर्माण केल्यानें मनुष्य हा देवाचा प्रजाजन होतो, पुत्र होत नाहीं. पुत्रत्व ख्रिस्ताच्या द्वारेंच मिळतें, असें त्याचें म्हणणें. १८६६ मध्यें थॉमस क्रॉफर्ड या एडिंबरोच्याच प्राध्यापकानें ग्रंथ लिहून उत्तर दिलें : देवानें मनुष्यास आपल्या प्रतिमेप्रमाणें घडविलें, तेव्हां तो मुळांतच पिता आहे, मुलगा बिघडला म्हणून बाप बाप राहत नाहीं असें होत नाहीं. दोघेही विद्वान, दोघेही श्रद्धाळू. पहिल्यास भीति ही कीं सर्वच पुत्र ठरले तर ख्रिस्ताचें महत्त्व काय राहिलें; दुसऱ्यास भीति ही कीं कांहींच पुत्र ठरले तर देवाच्या ममतेचें काय झालें.

हा वाद दूरचा वाटेल, पण त्याच स्कॉटिश मिशनांच्या शाळा मुंबईस आणि पुण्यास होत्या. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. १८७३ सालीं त्यांनीं सत्यशोधक समाज काढला, तेव्हां सर्व माणसें एकाच निर्मिकाचीं लेंकरें आहेत हें त्याचें मूळ तत्त्व केलें. १८६७ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजानेंही ईश्वराचें पितृत्व व मनुष्यांचें बंधुत्व हें आपल्या उपासनेंत घेतलें. या दोघांनींही बाप्तिस्म्याची अट न घेतां पहिली, म्हणजे सर्वांस लेंकरें मानणारी, बाजू उचलली, आणि तिचा सांधा आमच्या संतवाणीशीं जुळविला.

वाद कोणी जिंकला हें सांगण्यापेक्षां आम्हांस एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती समजण्यास येशूनें सांगितलेली उधळ्या मुलाची कथा उत्तम. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांनीं ती अवश्य वाचावी. कारण ती वांटणीपासून सुरू होते. धाकटा मुलगा बाप जिवंत असतां आपला हिस्सा मागतो. यहुदी शास्त्राप्रमाणें थोरल्यास दुप्पट, म्हणजे धाकट्यास एक-तृतीयांश. बाप देतो. तो परदेशीं जाऊन सारें उधळतो, दुष्काळांत डुकरें राखतो, आणि शेवटीं घरीं गडी म्हणून राहूं असें ठरवून परत फिरतो. बाप त्यास दुरून पाहतो आणि धांवत जातो. वडील माणूस, प्रतिष्ठेचा धनी, भर रस्त्यानें धांवत जातो ! गडी म्हणून ठेवा, हें वाक्य तो मुलास पुरें करूंही देत नाहीं. उत्तम वस्त्र, बोटांत अंगठी, पायांत जोडे, आणि मेजवानी.

बहुतेक लोक कथा येथें संपली असें समजतात. परंतु थोरला भाऊ शेतांतून परत येत असतो. घरांत वाद्यें कां वाजत आहेत असें तो नोकरास विचारतो, आणि कारण कळतांच बाहेरच उभा राहतो. इतकीं वर्षें मी राबलों, मला कधीं करडूंही मिळालें नाहीं, ही त्याची तक्रार; आणि एकत्र कुटुंबांतील कोणत्या कर्त्या मुलानें ती मनांत तरी केलेली नाहीं ? बोलतांना तो धाकट्यास ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. ‘माझा भाऊ’ हे शब्द त्याच्या तोंडांतून निघत नाहींत. बाप त्याच्यासाठींही बाहेर येतो, रागावत नाहीं, माझें जें आहे तें सर्व तुझेंच आहे अशी खात्री देतो, आणि उत्तर देतांना हळूच ‘हा तुझा भाऊ’ असा शब्द पालटतो. थोरला मग आंत गेला कीं नाहीं, हें येशूनें सांगितलेलें नाहीं. कथा अंगणांतच सोडून दिलेली आहे.

आमच्या मतें ख्रिस्ती धर्मांतील या सिद्धान्ताची खरी परीक्षा त्या अंगणांत आहे. देवास ‘बाप’ म्हणण्यास कांहीं खर्च लागत नाहीं. ‘आमचा बाप’ म्हटलें कीं शेजारीं उभा असलेला भाऊ होतो, आणि तेथून खर्च सुरू होतो. हें ख्रिस्ती लोकांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पौलानें अनेसिम नांवाच्या गुलामास त्याच्या धन्याकडे परत धाडतांना, यास आतां दास म्हणून नव्हे, प्रिय बंधु म्हणून घे, अशा आशयाचें पत्र बरोबर दिलें. तरीही पुढें कित्येक शतकें ख्रिस्ती धन्यांनीं ख्रिस्ती गुलाम बाळगले. अमेरिका खंडांतील मूळ रहिवासी हीं खरीखुरीं माणसें आहेत, त्यांचें स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेऊं नये, असें फर्मान १५३७ सालीं पोपास काढावें लागलें. दक्षिण आफ्रिकेंतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेनें १८५७ सालीं, कांहीं गोऱ्या सभासदांच्या दुबळेपणास्तव, काळ्यागोऱ्यांची उपासना वेगळी करण्यास मोकळीक दिली. ती तात्पुरती सवड पुढें वर्णभेदाची भिंत झाली, आणि १९८२ सालीं ओटावा येथें भरलेल्या रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक सभेनें त्या भेदाचें धार्मिक समर्थन हें पाखंड असल्याचें जाहीर केलें.

आमच्याच देशांत तंजावरच्या देवळांत उच्चवर्णीय ख्रिस्ती इतरांपासून वेगळे बसत आणि प्रभुभोजनही वेगळें घेत. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं जातिभेद पूर्णपणें सोडला पाहिजे असें पत्र काढलें, तेव्हां कित्येकांनीं जात राखून चर्च सोडलें. २०१६ सालीं भारतांतील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनें दलितांविषयींचें धोरण प्रसिद्ध करितांना चर्चमध्यें अस्पृश्यता अद्याप आहे असें प्रांजळपणें मान्य केलें. हें आम्ही शेजाऱ्याचें उणें काढावें म्हणून सांगत नाहीं. सर्वां भूतीं एकच आत्मा आहे असें सांगणाऱ्या आमच्या घरांत विहिरीवर आणि पंक्तींत काय चाललें, हें आम्हांस पुरें ठाऊक आहे. थोरला भाऊ प्रत्येक घराण्यांत असतो. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन सभेनें अन्य धर्मांविषयींचें निवेदन केलें, त्याच्या शेवटीं हीच गोष्ट मान्य केलेली आहे : कोणत्याही माणसास भावाप्रमाणें वागविण्याचें आपण नाकारूं, तर सर्वांचा पिता म्हणून देवास हांक मारण्याचा अधिकार आपणांस राहत नाहीं.

या लेखाचा समारोप आम्ही महाराष्ट्रांतील एका घरानें करितों. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांनीं ख्रिस्तास मराठी भक्तीच्या भाषेंत माउली म्हणून आळविलें, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ सालीं, बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्वांस सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मात्र सोंवळें सोडण्यास तयार नव्हत्या. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्यांनीं आपला पालट कसा झाला हें मोकळेपणानें लिहिलें आहे. कोणी पंडितानें त्यांस वादांत जिंकलें नाहीं. जाति देवानें केल्या कीं माणसांनीं, हा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. माणसें देवानें केलीं आणि भेद माणसांनीं केले असें उत्तर त्यांच्या मनानेंच दिलें. आणि त्यानंतर कोणाच्या हातचें खाण्यापिण्याची त्यांस अडचण राहिली नाहीं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. सोंवळें त्याच्या आधींच सुटलेलें होतें.

जन्मानें कीं दत्तविधानानें, या वादाचा निकाल धर्मशास्त्री लावोत. लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरांत त्या दिवशीं एक थोरलें भावंड अंगण ओलांडून आंत गेलें, एवढें मात्र आम्हांस दिसतें. आणि आपापल्या घरीं तो उंबरठा कोठें आहे, हें प्रत्येक वाचकास आमच्यापेक्षां अधिक चांगलें ठाऊक असेल.